चीफची गाडी शोरूमला जाते

इमारतीतले सगळे त्यांना चीफ म्हणत. चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. गृहस्थांनी जन्मात कुठल्या कारखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं. एका विमा कंपनीत खुर्ची उबवून ते निवृत्त झाले होते, आणि तिथेही त्यांचं काम म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढणं एवढंच होतं. पण सुट्टीचा दिवस उजाडला की हे जुनी विजार चढवून गाडीखाली शिरत आणि जेवणवेळेपर्यंत आवारात येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांचे नुसते पाय दिसत. त्यावरून तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी हे नाव ठेवलं. थट्टाच होती ती. चीफना मात्र ती पदवी वाटली. कुणी तशी हाक मारली की ते हातातला पाना खाली न ठेवता बोलत, म्हणजे समोरच्याला कळावं की आपण कामाच्या माणसाचा वेळ घेतोय.

त्यांच्या बायकोला सगळी इमारत ‘बाई’ म्हणायची, कारण इमारतीतली बरीच पोरं बालवर्गात त्यांच्या हाताखालून गेली होती. त्या नावात थट्टा नव्हती. पण बाईंना काय वाटतं हे विचारावं असंही कधी कुणाला सुचलं नव्हतं, आणि चीफना तर नाहीच नाही.

चीफच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. एक, आपली गाडी आपण उघडणारी. दुसरी, ती शोरूमच्या हवाली करून गारेगार सोफ्यावर मासिक चाळत बसणारी. दुसऱ्या प्रकाराचा त्यांना मनस्वी तिटकारा. दंतवैद्यांची गाडी सर्व्हिसिंग होऊन चकाचक परत आली की हे मुद्दाम खाली उतरायचे आणि बॉनेटवर टिचकी मारायचे.

“काय डॉक्टर, पावडर लावून आणली वाटतं? आत कुणी हात तरी लावला का?”

“आपल्याला काय कळतंय त्यातलं!” डॉक्टर हसून सोडून देत.

“तेच तर! तुम्हाला कळत नाही, हेच त्यांचं भांडवल!”

आता यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. फार पूर्वी, गाडी नवी असताना, चीफनी एकदा ती शोरूमला दिली होती. देण्याआधी बाईंच्या नखाच्या लाल रंगाचा एक ठिपका हवेच्या फिल्टरवर लावून ठेवला. संध्याकाळी गाडी आली, फिल्टर नवा घातल्याचं सांगण्यात आलं, आणि झाकण उघडलं तर लाल ठिपका जागच्या जागी. चीफनी तो फिल्टर शोरूमच्या काउंटरवर आपटला. मॅनेजरने हात जोडले. त्या दिवशी बाईंनाही नवऱ्याचा अभिमान वाटला होता, त्यांनी तो प्रसंग नातेवाइकांत रंगवून रंगवून सांगितला होता, आणि दंतवैद्यांच्या बायकोकडे बघून त्यांनीही बरीच वर्षं नाक मुरडलं होतं. शोरूमवाले लबाड होते हे खरंच. पण एकदा खरं ठरलेला माणूस त्या एका खऱ्यावर किती काळ फुकट जेवू शकतो, हे चीफकडे बघून कळायचं.

तर या चीफची काम करण्याची एक पद्धत होती. ते कुठलंही ऑइल त्याच्या मूळ डब्यात ठेवत नसत. डबा घरी आला की ऑइल सरबताच्या, खोकल्याच्या औषधाच्या, शाम्पूच्या रिकाम्या बाटल्यांत ओतलं जाई, आणि त्या बाटल्या बाल्कनीतल्या कपाटात ओळीने उभ्या राहत. बाटलीवर काही लिहायचं नाही. बाईंनी एकदा कौतुकाने चिकटपट्ट्या आणून प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं, तर चीफनी त्या सगळ्या नखाने खरवडून काढल्या.

“लेबल वाचून काम करायला मी काय शोरूमचा पोऱ्या आहे? वास घेतला, बोटावर चोळलं, की ऑइल आपण होऊन सांगतं मी कोण ते.”

आणि खरोखर, बाटलीचं बूच काढून, डोळे मिटून, अत्तराची पारख करावी तसे ते हुंगत. बघणाऱ्याला वाटावं, केवढा जाणकार!

ब्रेकच्या कामात मात्र त्यांना बाई लागत. ब्रेकची हवा काढायची म्हणजे एकाने आत बसून पायाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून नट सैल करायचा. चीफ खालून ओरडत, “दाब! धर! धरून ठेव! आता सोड!” बाई दाबत, धरत, सोडत. मध्येच पाय ढिला पडला तर अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असा उद्धार व्हायचा. पाय अवघडला, असं बाई म्हणाल्या तर उत्तर यायचं, “बसून पाय हलवायचा, एवढंही झेपत नाही?” त्या खुर्चीत बसून बाईंनी गाडी कधी चालवली नव्हती. चीफच्या मते त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं.

मागे एकदा चीफना जबर ताप आला. ताप उतरला, पण नाकातली ताकद गेली ती परत आलीच नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. बाईंना कळलं ते दुधामुळे. बाई आंघोळीला गेलेल्या, दूध उतू जाऊन पातेलं करपलं, घरभर धूर, आणि चीफ ओट्यापासून हाताच्या अंतरावर बसून पेपर वाचत होते.

“अहो, वास नाही आला तुम्हाला?”

“माझं लक्ष वाचण्यात होतं. घरातलं दूध बघणं माझं काम आहे का?”

बाईंनी विषय वाढवला नाही. पण त्यानंतर चीफ बाल्कनीत बाटली नाकाशी धरून, डोळे मिटून उभे राहिले की बाईंना हसूही यायचं आणि लाजही वाटायची. ज्याला करपलेलं दूध कळत नाही तो ऑइलची जात ओळखतोय! आणि हे नाटक बघायला बाईंशिवाय दुसरं कुणी नसे. म्हणजे बायकोपुढेसुद्धा हा माणूस सोंग उतरवायला तयार नव्हता.

मग मुलीचा फोन आला. तिची बदली डोंगरावरच्या गावात झाली होती, खाली गावात पाळणाघर, वर ऑफिस, रोज लेकराला मागे बसवून तो वळणावळणाचा रस्ता चढायचा-उतरायचा. नवी गाडी घ्यायची तर वेळ लागेल, तोवर बाबांची गाडी मिळेल का? चीफचा ऊर भरून आला. शोरूमच्या बापाला जमणार नाही अशी गाडी करून देतो, म्हणाले. पुढच्याच सुट्टीला त्यांनी सगळं उघडलं. बाई आत जाऊन बसल्या. दाब, धर, सोड. जुनं ब्रेक ऑइल निघालं, सरबताच्या बाटलीतलं नवं पडलं, चीफनी हात पुसले आणि दंतवैद्यांच्या खिडकीकडे एक कटाक्ष टाकला.

त्यानंतर काही दिवसांतच गाडी कुरकुरायला लागली. पेडल दगडासारखं घट्ट. बाजारातून आलं की पुढच्या चाकांतून जळका वास. बाई म्हणाल्या, “वास येतोय.” चीफ म्हणाले, “नवीन ऑइल आहे, बसायला वेळ लागतो.” ऑइल बसतं म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती.

एका सकाळी चहा घेऊन बाई खाली गेल्या तर चीफ बॉनेट उघडून वाकलेले. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण त्यांच्या एका हातात होतं. झाकणाच्या आतलं रबर फुगून वेडंवाकडं झालं होतं, ते काही केल्या आत बसत नव्हतं. आणि चीफच्या दुसऱ्या हातात दाढीचं ब्लेड होतं. ते जीभ दाताखाली धरून त्या रबराच्या कडा कापत होते, मापात आणण्यासाठी.

“अहो, हे काय?”

“कंपनीची रबरं. निकृष्ट माल. तू चहा ठेव आणि जा.”

बाईंनी चहा ठेवला, वर आल्या आणि कपाटातली सरबताची बाटली काढून नाकाला लावली. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. स्टिअरिंगचं ऑइल भरताना चीफनी एकदा ते बाईंच्या चांगल्या कपड्यांवर सांडलं होतं, आणि कितीदा धुतलं तरी तो वास कपड्यांतून गेला नव्हता. ब्रेकमध्ये स्टिअरिंगचं ऑइल गेलं होतं. बाईंना गाडीतलं काही कळत नसेल, पण नाक शाबूत होतं.

चीफ वर आल्यावर त्यांनी सरळ सांगितलं. चीफनी ऐकून घेतलं, टॉवेलने मान पुसली आणि म्हणाले, “तू आता मला ऑइल शिकवणार?”

“मी काही शिकवत नाही. मुलगी लेकराला घेऊन त्या उतारावरून रोज येणार आहे. गाडी शोरूमला दाखवा. नाहीतर मी तिला फोन करते, गाडी नेऊ नकोस म्हणून.”

एवढं बोलायचं धाडस बाईंनी आजवर केलं नव्हतं. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी चीफनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि जोडे चढवता चढवता म्हणाले, “चल. पण तिथे बोलेन मी. तू तोंड उघडायचं नाही.”

शोरूम म्हणजे नुसती काच आणि चकाकी. जमीन इतकी गुळगुळीत की माणसाने घसरून पडावं आणि वर स्वतःच माफी मागावी. गाड्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, गिऱ्हाइकाच्या नजरेआड, आणि पुढे सुगंध फवारलेली हवा. गणवेशातली तरुण मंडळी हातात टॅब घेऊन इकडून तिकडे लगबगीने जात होती, पण कुणाच्याही नखात काळं दिसत नव्हतं. बाईंना ते सगळं बघून कसनुसं झालं. एका पोकळ माणसाकडून उठून दुसऱ्या पोकळ दुकानात आलोय, असं त्यांना वाटलं. पण इथे निदान बाटल्यांवर नावं लिहिलेली असतील, एवढी त्यांना आशा होती.

चीफनी गाडी काचेच्या दाराशीच उभी केली आणि कुणी ओळखीचं नाही ना, हे बघत आत शिरले. काउंटरवरच्या तरुणाने साखर पेरल्यासारखं स्मित केलं.

“बोला सर, काय तक्रार आहे?”

“तक्रार काही नाही. गाडी उत्तम आहे. मी स्वतः सांभाळतो.” चीफनी घसा खाकरला. “फक्त ब्रेक ऑइल बदलायचंय. आज सकाळी हिने घोळ घातला. डबीत कमी दिसलं म्हणून मला न विचारता भलत्याच बाटलीतलं ओतलं. स्टिअरिंगचं. आता बायकांना काय, बाटली ती बाटली!”

तरुण हसला. शेजारच्या काउंटरवरची मुलगीही हसली. बाईंची कानशिलं तापली. पण आळ घ्यायची त्यांना सवय होती. हरवलेली किल्ली, चुकलेला रस्ता, करपलेलं दूध, सगळं शेवटी त्यांच्याच खात्यावर पडायचं. त्यात हे आणखी एक, असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.

“आजच घातलंय ना?” तरुणाने टॅबवर बोट फिरवत विचारलं. “नंतर गाडी चालवलीत?”

“इथवर आलो, तेवढीच.”

“मग काही टेन्शन नाही सर. जुनं काढून नवं भरतो, थोड्या वेळात गाडी तुमच्या ताब्यात. खूप दिवस चालवली असती तर मात्र प्रॉब्लेम होता. त्या ऑइलने आतली सगळी रबरं फुगतात. मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळं उघडून बदलावं लागतं. नुसतं ऑइल बदललं तर चार दिवस बरी चालते आणि नेमकी उतारावर दगा देते.”

हे चीफनी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं नाही, नीट ऐकलं. त्यांची नजर क्षणभर काउंटरवर स्थिर झाली, आणि ते म्हणाले, “नाही नाही. आजचंच आहे.”

बाईंनी मान वर केली. तेवढ्यात चीफचा फोन वाजला. मुलीचा होता. ती उद्या सकाळी गाडी न्यायला येणार होती. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चीफ बोलले.

“ये ये, बिनधास्त ये! गाडी एकदम ठणठणीत आहे. काय? ब्रेक? अगं, ब्रेक तर असे केलेत की नुसता पाय लागला तरी थांबेल. लेकराला घेऊन ये, काही काळजी करू नकोस.”

फोन ठेवून त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं त्यांना या माणसाचा राग यायचा, कीव यायची, कधी कधी मायाही वाटायची. या क्षणी त्यातलं काहीच वाटलं नाही. एखाद्या परक्या घरात पाय टाकल्यावर तिथली घाण बघून वाटते तशी नुसती शिसारी वाटली. दंतवैद्यांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून हा माणूस स्वतःची नात उतारावर सोडायला निघाला होता, आणि वर कॉलर नीट करत होता.

“हे खोटं बोलतायत,” बाई म्हणाल्या.

तरुणाचं बोट टॅबवर थांबलं. “मॅडम?”

“मी काही ओतलं नाही. यांनी ओतलंय. आणि आज नाही. त्यावर आम्ही रोज बाजारात जातोय, चाकं तापतायत, जळका वास येतोय. झाकणाचं रबर फुगलं तर यांनी ते दाढीच्या ब्लेडने कापून बसवलं. झाकण उघडा, दिसेल तुम्हाला. यांना वास येत नाही. तापापासून येत नाही. कुठल्या बाटलीत काय आहे ते यांना कळत नाही आणि कळतंय असं दाखवतात. तुम्ही सगळं उघडा. चाकापर्यंत. आमची मुलगी ही गाडी डोंगरावर नेणार आहे.”

बालवर्गातल्या पोरांना सांगावं तसं एकेक वाक्य सुटं करून त्यांनी सांगितलं. शेजारची मुलगी आता हसत नव्हती. सोफ्यावरच्या एका गृहस्थांनी मासिक खाली घेतलं.

चीफचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. “डोकं फिरलंय हिचं,” ते तरुणाला म्हणाले. “वय झालं की असं होतं. तुम्ही फक्त ऑइल बदला.”

तरुणाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला खऱ्या-खोट्याशी काही देणंघेणं नव्हतं. “सर, गाडी तुमच्या नावावर आहे. सगळं उघडायचं तर तुमचा होकार लागेल. काय करू ते तुम्हीच सांगा.”

“काही करू नका! मला तुमच्यासारख्यांची गरज नाही. माझी गाडी बघायला मी खंबीर आहे!” काउंटरवरची किल्ली उचलून चीफ तरातरा बाहेर गेले. दार आपटायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते आपोआप बंद होणारं दार होतं, ते आपल्या गतीने हळूहळू मिटलं.

काचेतून सगळं दिसत होतं. चीफ गाडीत बसले. हॉर्न वाजवला. तो बाईंसाठी होता. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग इंजिन सुरू झालं, गिअर पडला, आणि गाडी काही पुढे जाईना. चीफनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबललं, गाडीचं नाक खाली दबलं, चाकं तसूभर फिरली नाहीत.

“धरले ब्रेक,” तरुण म्हणाला. “आत फुगलंय सगळं. आता सुटायचे नाहीत.” मागच्या शेडमधले दोघं-तिघं तेल पुसायची फडकी हातात घेऊन दारात आले होते. ते बघत होते आणि आपापसात काहीतरी बोलून हसत होते. सोफ्यावरचे गृहस्थ मासिकासकट काचेपाशी येऊन उभे राहिले. चीफ काच वर करून आत बसले होते आणि पुन्हा पुन्हा इंजिन गरजवत होते, समोर बघत, जणू रस्त्यात कुणीतरी आडवं आलंय आणि ते बाजूला व्हायची ते वाट बघतायत.

बाईंनी पर्समधून फोन काढला. मुलीला सांगितलं, उद्या येऊ नकोस, गाडीचे ब्रेक खराब आहेत, बाबांच्या हातून खराब झालेत आणि ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतेय. मुलगी घाबरून काय काय विचारू लागली. घरी गेल्यावर बोलते, म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

चीफनी काच थोडी खाली केली, बोट शिरेल एवढीच. त्यांच्या कपाळावर घाम होता. दारातल्या माणसांकडे न बघता ते हलक्या आवाजात म्हणाले, “लोक बघतायत. जा, काहीतरी सांग त्यांना.”

“सांगितलंय सगळं,” बाई म्हणाल्या. “उतरा आता.”